खोडायची बटणं

१० मार्च
वर्षअखेर जवळ आली की बचत गटांच्या वह्या जुळवायला मला बोलावणं येतं. आजच्या गटाच्या सचिव ताईंचं अक्षर वळणदार, तोंडी हिशेब पक्का. पण कॅल्क्युलेटरवर रकाना बेरजेला घेतला आणि मध्येच एखादा आकडा चुकला की त्या तडक सगळं पुसणारं एसी बटण दाबतात आणि पहिल्या नावापासून पुन्हा सुरुवात करतात. तोवर बाकीच्या जणी ताटकळत बसतात. कुणाची म्हशीची वेळ झालेली, कुणाची पोरं शाळेतून येणार.

हे एकाच गटात नाही, बहुतेक ठिकाणी बघते. बायकांना बेरीज येते, यंत्र चालवता येतं, पण चुकलेलं तेवढंच खोडायचं कसं, हे कुणी सांगितलेलंच नसतं. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि अद्ययावत लेखे ही गटांची पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे. त्यातलं पाचवं सूत्र पाळायचं तर खोडायच्या दोन-तीन बटणांना निदान एक दुपार द्यायलाच हवी.

११ मार्च
आज ताईंना शेजारी बसवून घेतलं. २०० अधिक २०० अधिक १२५० अधिक, आणि पुढे ६७५ ऐवजी मुद्दाम ७६५ टाकायला लावलं. अजून पुढचं अधिक दाबलेलं नाही. इथे त्यांच्या यंत्रावर सी दाबायचं. पडद्यावर शून्य आलं आणि ताई म्हणाल्या, "गेलं की हो सगळं!" सगळी भीती तिथेच आहे. सी दाबा नाहीतर एसी दाबा, डोळ्यांना दिसतं ते शून्यच. पण सी ने फक्त समोरचा आकडा जातो, आधीची १६५० ची बेरीज आत शाबूत असते. ६७५ टाकून बरोबर दाबलं, २३२५ आले. मग त्यांनी मनानेच आकडे चुकवून तेच पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मला फार बरं वाटलं.

शेवटचा एकच आकडा चुकला असेल तर सी चीही गरज नाही. १२५५ पडलं तर बाणाचं बटण दाबून शेवटचा ५ काढायचा आणि ० टाकायचा. चिन्ह चुकलं, म्हणजे अधिकऐवजी गुणिले दाबलं गेलं, तर लगेच त्यावर अधिक दाबायचं. शेवटी दाबलेलं चिन्ह धरलं जातं. आणि ७६५ टाकून अधिकही दाबून बसलो तर? तो आकडा आता बेरजेत मिसळला, सी त्याला काही करू शकत नाही. वजा ७६५ करायचं, अधिक ६७५ करायचं आणि पुढे चालायचं. एसी तिथेही नको.

१४ मार्च
दुसऱ्या गावच्या गटात वेगळं यंत्र. तिथे सी आणि सीई अशी बटणं आहेत. सीई ने समोरचा आकडा जातो आणि सी ने सगळंच. म्हणजे परवा ज्या सी ने बेरीज वाचवली, तोच सी इथे ती पुसतो. काही यंत्रांवर एकच बटण असतं; एकदा दाबलं तर आकडा, दोनदा दाबलं तर सगळं. नावं पाठ करून उपयोग नाही, यंत्र तपासून घ्यायचं. १२ अधिक ३४ टाकायचं, संशयातलं बटण एकदा दाबायचं, मग ५ आणि बरोबर. १७ आले तर आधीचे १२ टिकले. नुसते ५ आले तर ते बटण सगळं पुसणारं. नवीन यंत्र हातात आलं की पहिल्यांदा हेच करावं.

१५ मार्च
वडिलांच्या कचेरीत हाताने दांडा फिरवायचं फॅसिट यंत्र होतं. त्यातही मांडलेला आकडा पुसायची सोय वेगळी आणि बेरीज शून्यावर आणायची वेगळी होती. इलेक्ट्रॉनिक यंत्रं नंतर आली. हाताने आकडे मांडणाऱ्यांना दोन तऱ्हेचं पुसणं लागतं, हे त्या जुन्या कारागिरांनी बरोबर ओळखलं होतं.

२२ मार्च
आज एका गटात पानापानाच्या बेरजा एम प्लसने मेमरीत टाकून शेवटी एकूण काढली, ती २४०० ने जास्त आली. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक एम सुरुवातीपासूनच दिसत होता. सकाळी कुणीतरी १२ जणींची २०० रुपयांप्रमाणे बचत एम प्लसने मेमरीत ठेवली होती, ती तशीच राहिलेली. एसी दाबून सुरुवात केली तरी मेमरी त्याला बधत नाही. त्या यंत्रावर एमआरसी एकदा दाबलं की साठवलेली रक्कम दिसते, लगोलग दुसऱ्यांदा दाबलं की ती जाते. एम मावळला, बेरीज पुन्हा घेतली आणि जुळली. काम सुरू करण्याआधी कोपरा बघायचा, एवढं सगळ्यांकडून वदवून घेतलं.

३१ मार्च
पहिल्या गटाची वही बंद करायचा दिवस. पेटीत रोजकीर्दीपेक्षा ५४ रुपये जास्त. ५४ ला ९ ने भाग जातो, म्हणून शेजारशेजारचे दोन आकडे उलटे पडले असावेत असा माझा अंदाज. पावत्या काढल्या. पावतीवर परतफेड ४८२, वहीत ४२८.

वहीत मात्र सी चालत नाही, बाणही नाही, व्हाइटनर तर मुळीच नाही. ४२८ वर वाचता येईल अशी एक आडवी रेघ, वर ४८२, बाजूला अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सह्या. त्या पानाची बेरीज नव्याने घ्यायला मी कॅल्क्युलेटर ओढला, तर ताईंनी तो माझ्या हातून घेतला. जुनी बेरीज टाकली, वजा ४२८, अधिक ४८२, बरोबर. मग पुढच्या पानावरची मागील शिल्लक तशीच दुरुस्त करून तिथेही सह्या घेतल्या.