रोजच्या तांब्याने गेलेलं झाड



मागच्या वर्षी आषाढात मुलगा-सून बदलीमुळे पुण्याला गेले. जाताना सुनेने तिची स्नेक प्लांटची कुंडी माझ्याकडे ठेवली. तलवारीच्या पात्यासारखी उभी जाड पानं, त्यांना पिवळी किनार. म्हणाली, "आई, पंधरा दिवसांनी पाणी घातलं तरी चालतं याला."

मी हो म्हटलं, पण मनाला पटेना. वनस्पती झाली म्हणून काय, एकेंद्रिय जीवच ना? त्याला तहानलेलं ठेवून आपण जेवायला कसं बसायचं? मग रोज सकाळी पाणी गाळून झालं की एक तांब्या तिकडे.

श्रावणात पानं बुडाशी मऊ पडून कलली. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलेलं आणि मातीवर चिलटं. एका एकेंद्रियाची दया करता करता मी घरात त्रस जीवांची पैदास करून बसले होते. औषध फवारणं तर आपल्याकडे नाहीच.

नर्सरीवाल्याने कुंडी उपडी केली. मुळं काळी पडून वास मारत होती. तो म्हणाला, "मावशी, हे मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं. पानात आणि मातीतल्या गड्ड्यात पाणी साठवून ठेवतं. दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतं, रात्री उघडतं, म्हणजे पाणी उडत नाही. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात."

कॉमर्स शिकलेली मी! दिलेल्या पाण्याची नोंद तेवढी करत होते, आधीचं खर्ची पडलं का, ते पाहिलंच नाही.

गड्डा पार गेला होता. कुजका भाग कापताना माझा हात धजेना, पण तो ठेवला असता तर राहिलेलंही गेलं असतं. दोन पानांचे निरोगी तुकडे चार दिवस सावलीत सुकवले आणि वाळू मिसळलेल्या मातीत, खालची बाजू खालीच ठेवून लावले. तुकड्यातून पुन्हा उगवणाऱ्या वनस्पतीला आपल्याकडे छिन्नरुह म्हणतात, ते पाठशाळेत पाठ केलं होतं. डोळ्यांनी तेव्हा पाहिलं.

आता माझी रीत सांगते. कुंडीला खाली भोक हवंच. माती निम्मी, बाकी जाड वाळू. जागा खिडकीजवळ, पण दुपारचं कडक ऊन नको. पाण्याआधी काडी खोलवर खुपसून बघायची. ओली माती चिकटली तर थांबायचं. उन्हाळ्यात साधारण पंधरा दिवसांनी, पावसाळ्यात महिना गेला तरी हरकत नाही. ताटलीतलं पाणी लगेच ओतून टाकायचं. माती वरून कोरडी राहिली की चिलटांची नवी पैदास थांबते. पानं ओल्या फडक्याने पुसायची. नातवंडं पान चावणार नाहीत एवढं बघा, पोटाला त्रास होतो.

सुनेला मी हे महिनाभर सांगितलंच नव्हतं. फोनवर "छान आहे" म्हणत राहिले. क्षमावाणीला फोन केला आणि आधी तेच सांगितलं. नुसती क्षमा मागून भागणार नव्हतं, खोटं बोलले होते. ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "आई, झाडाचं राहू दे. मला सांगायचं तरी होतं."

दया कमी नव्हती माझ्यात, यत्नाचार कमी पडला. समोरच्याला काय हवंय ते न बघता मी मला बरं वाटेल तेच देत होते. झाडाच्या बाबतीतच नव्हे, हे मला मान्य आहे.

एप्रिलमध्ये ती आली तेव्हा दोन्ही तुकड्यांना कोंब आले होते. नुसते हिरवे. पानाच्या तुकड्यापासून केलं की पिवळी किनार येत नाही, त्यासाठी गड्डाच वेगळा करून लावावा लागतो. ती म्हणाली, "किनार गेली हो."

"गेली," मी म्हटलं.

एक कुंडी ती पुण्याला घेऊन गेली. निघताना मी बजावलं, "रोज पाणी घालू नकोस हं."

ती हसायलाच लागली.