फुकटच्या खोलीचा हिशेब

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या जावेचा पुण्याहून फोन आला. "ताई, तुम्ही ते सुट्टीतल्या खोलीचं सदस्यत्व घेतलंय ना, पंचवीस वर्षांचं? आम्हालाही बोलावणं आलंय. रविवारी दोघांनी मिळून या, चहा-नाश्ता आहे, भेटवस्तू आहे म्हणे. घेऊ का?"

घे किंवा घेऊ नको, एवढेच सांगायचे होते. पण ते काही मला जमेना. "दोन दिवसांनी सांगते," म्हणून फोन ठेवला आणि माळ्यावरून जुन्या हिशेबाच्या वह्या काढल्या. लग्न झाल्यापासून रोजचा खर्च लिहून ठेवायची मला सवय. ह्यांना त्याची भारी गंमत वाटते. "कोथिंबिरीची जुडी लिहून कुणी श्रीमंत झालंय का?" म्हणतात. श्रीमंत नाही झालो हे खरे, पण पैसा कुठल्या वाटेने गेला ते वहीत नेमके सापडते.

आमचे सदस्यत्व डिसेंबर २०१६ चे. नाशिकच्या एका मॉलमध्ये मुलांनी हौसेने कुपन भरून पेटीत टाकले आणि आठवड्याने फोन आला की तुमचे नाव निघाले आहे, बक्षीस घ्यायला दोघांनी या. एकट्याने आलेले चालणार नव्हते. आता कळते की ती गोम होती. घरी जाऊन बायकोला विचारतो, नवऱ्याला विचारते, अशी पळवाटच ठेवायची नाही. हॉटेलच्या हॉलमध्ये दहा-बारा टेबले, प्रत्येक टेबलावर आमच्यासारखेच एक जोडपे, आणि समोर एक गोड बोलणारा मुलगा. त्याने कागदावर आकडे मांडले. आज हॉटेलची खोली एवढ्याला, दहा वर्षांनी तेवढ्याला, पंचवीस वर्षांनी केवढ्याला! तुम्ही मात्र आजच्याच भावात दरवर्षी सात रात्री राहणार. "म्हणजे मॅडम, खोली तुम्हाला जवळजवळ फुकटच!"

सगळा दोष मी ह्यांच्यावर ढकलणार नाही. सही दोघांची आहे. मलाही त्या रंगीत पुस्तिकेतला तो धुक्यातला व्हरांडा दिसत होता. किंमत ३,२०,००० रुपये. ६४,००० तेव्हाच भरायचे, बाकीचे ४८ हप्त्यांत, दरमहा ६,७०० च्या घरात. बक्षीस म्हणून कॅसरोलचा सेट मिळाला. तो अजून आहे, झाकण तेवढे सैल झाले आहे.

६४,००० एकदम कुठून आणायचे? ३९,००० आमचे होते. उरलेले २५,००० सासूबाईंनी दिले. "माझे काशीचे पैसे आहेत, तूर्त वापरा. मला काही घाई नाही," म्हणाल्या. मी वहीत लिहिले, 'आईंकडून उसने २५,०००'.

त्याआधी आम्ही प्रवासाला जात नव्हतो असे नाही. मे २०१५ मध्ये पाचही जण दिवेआगरला गेलो होतो. एसटीने, पनवेलला गाडी बदलून. एका घरगुती खानावळीच्या मागच्या खोलीत तीन रात्री राहिलो, दुपारी उकडीचे मोदक खाल्ले, संध्याकाळी पुळणीवर. सगळे मिळून ११,६५० रुपये. त्यात खोलीचे पैसे वेगळे दाखवलेले आहेत, जेवणाचे वेगळे, गाडीभाड्याचे वेगळे.

आता ऑगस्ट २०१७ चे पान. मुन्नारची सहल, सदस्यत्वाची पहिलीच. विमान मुंबई ते कोची, ३१,४००. कोचीपासून पुढची गाडी, पाच दिवस, १४,५००. जेवणखाण २३,८००. चहा, मिरी, वेलदोडे ४,६००. किरकोळ ३,७००. एकूण ७८,०००. आणि या सगळ्याच्या वर, पहिल्याच ओळीत, माझ्याच अक्षरात लिहिले आहे, 'खोली : ०'.

ते शून्य पाहून मी थांबले. कारण ७८,००० खर्च झाले ते त्या शून्याच्याच भरवशावर! विमानाचे तिकीट काढताना हे म्हणाले होते, "अगं, राहायचं फुकट आहे, मग एवढं करायला काय हरकत आहे?" गाडी ठरवताना तेच, रेस्टॉरंटमध्ये तेच. खोलीचे वाचलेले पैसे आम्ही निदान चार वेळा खर्च केले असतील. सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला." आम्ही हसलो होतो.

बरे, ते शून्य तरी खरे होते का? हप्ते मी 'हप्ते' या पानावर लिहीत होते, स्कूटरच्या हप्त्याखाली. आणि दर वर्षीची देखभालीची वर्गणी लिहीत होते 'विमा व वर्गण्या' या पानावर. सदस्यत्व घेताना या वर्गणीचा उल्लेख झाला होता, पण चहा संपता संपता झाला होता. पहिल्या वर्षी ती १४,००० आणि वर १५ टक्के सेवाकर, म्हणजे १६,१०० होती. दरवर्षी ती वाढते. जुलै २०१७ पासून जीएसटी १८ टक्के झाला. २०२४ ची पावती २५,९६० रुपयांची आहे. आपण एकही रात्र गेलो नाही तरी ती भरावीच लागते. २०२० साली तर सगळा देशच घरात बसला होता. रात्री पुढच्या वर्षात ढकलून मिळाल्या, वर्गणी मात्र मागून घेतली.

या फोनच्या निमित्ताने मी तिन्ही पाने पहिल्यांदा एकत्र मांडली. हप्ते आणि पहिली रक्कम मिळून ३,८५,६०० भरले. ते पंचवीस वर्षांत वाटले तर वर्षाला १५,४०० च्या पुढे. त्यात वर्गणी २६,०००. म्हणजे ४१,४०० ला सात रात्री, एका रात्रीचे ५,९०० रुपये! बँकेत ठेवले असते तर व्याज आले असते ते वेगळेच. शिवाय सात रात्री आम्ही कधी राहिलोच नाही. ह्यांना सलग एवढी रजा मिळत नाही, जाण्या-येण्यात दोन दिवस मोडतात. चार नाहीतर पाच रात्री, बस्स.

आणखी एक गोष्ट वहीत नाही, कारण ती खर्चाची नव्हे, न मिळालेल्या पैशांची आहे. आमच्या सदस्यत्वाचा जो हंगाम आहे, त्यात दिवाळी नाही आणि मे महिनाही नाही. त्या हंगामाची किंमत आम्हाला झेपणारी नव्हती. मुलांची सुट्टी उन्हाळ्यात आणि आमच्या खोलीची पावसाळ्यात! मग १५ ऑगस्टच्या आगेमागे मुलांची शाळा बुडवायची. मी शाळेत तासिकांवर शिकवते, जेवढे तास घेतले तेवढेच मानधन. दर सहलीला माझे आठवड्याचे तास गेले. ते कुठल्या पानावर लिहायचे मला सुचले नाही.

जुलै २०१८ मध्ये आम्ही महाबळेश्वरला गेलो. जुलैतले महाबळेश्वर ज्यांनी पाहिले असेल त्यांना सांगायला नको. पाच दिवस पाऊस, एकाही पॉइंटवरून दहा हातांपलीकडचे दिसले नाही. मुलांचे बूट वाळेनात, म्हणून मी ते इस्त्रीने वाळवले.

पण त्या सहलीत मी स्वयंपाक केला. मुन्नारला पाच जणांच्या नुसत्या नाश्त्यालाच दोन-अडीच हजार लागत होते. ते बघून माझे डोळे पांढरे झाले होते. खोलीला लागून छोटे स्वयंपाकघर असते, विजेची शेगडी, लहानसा फ्रिज, चार भांडी. म्हणून मी घरून लहान कुकर, मुगाची डाळ, तांदूळ, मेतकूट, थालिपिठाची भाजणी असे बांधून नेले. तेव्हापासून दर सहलीला नेते. जेवणाचा खर्च निम्म्यावर आला, वहीत स्पष्ट दिसतो. सगळे जण खिडकीतून पाऊस बघत असतात आणि मी शेगडीपाशी थालिपीठ थापत असते. सुट्टी कुणाची, हा प्रश्न मी एकदा ह्यांना विचारला. त्या दिवसापासून भांडी हे घासतात. घरी नाही घासत, तिथेच.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर जावेला मी निम्मेच सांगितल्यासारखे होईल. २०१५ चे दिवेआगर मी वर लिहिले, पण २०१२ ची सहल वॉशिंग मशीनमध्ये गेली आणि २०१४ ची थोरल्याच्या शाळाप्रवेशात, हेही त्याच वह्यांत आहे. मध्यमवर्गीय घरात सहल ही पहिली कापायची गोष्ट. सदस्यत्व घेतल्यापासून २०२० आणि २०२१ सोडले तर आम्ही दरवर्षी बाहेर पडलो. पैसे भरलेले आहेत, रात्री वाया जातील, या धाकाने का होईना, पण पडलो. ह्यांचे ऑफिस म्हणजे मार्च झाला की जून, जून झाला की सप्टेंबर. सलग चार दिवस हा माणूस मुलांबरोबर पत्ते खेळत बसलाय, हे मी फक्त त्या खोल्यांमध्ये पाहिले. २०२२ मध्ये कूर्गला गेलो तेव्हा सासूबाई सकाळ-संध्याकाळ व्हरांड्यात चहाचा कप घेऊन बसायच्या. समोर कॉफीची झाडे, त्यावर पाऊस. "मला कुठे नेऊ नका, इथंच बरं आहे," म्हणायच्या.

पण काशी राहिलीच होती.

२०१७ ला मुन्नार म्हणून काशी पुढच्या वर्षी. २०१८ ला हप्ते चालू. २०१९ ला गोवा, कारण तिथली खोली मोठ्या मिनतवारीने मिळाली होती. मग करोना. मग सासूबाईंचे गुडघे. त्यांनी एकदाही आठवण करून दिली नाही. एका वर्षात दोन सहली आपल्याला परवडत नाहीत हे त्यांना ठाऊक होते. आणि त्या दोघींतली जिचे पैसे आधीच भरलेले, तीच दरवर्षी जिंकणार, हेही.

मे २०२४ मध्ये विम्याचा एक कागद शोधताना मी २०१६ ची वही काढली आणि त्यात ती ओळ दिसली. 'आईंकडून उसने २५,०००'. खाली रेघ नव्हती. आमच्याकडे फेडलेल्या रकमेवर मी लाल रेघ मारते. आठ वर्षे ती ओळ तशीच उभी होती. रात्री वही ह्यांच्यापुढे ठेवली. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मोबाइल घेऊन रेल्वेची तिकिटे बघत बसले.

त्या वर्षी खोलीच्या रात्री आम्ही पुढे ढकलल्या आणि दिवाळीच्या सुट्टीत नाशिकरोडहून काशी एक्सप्रेसने निघालो. ज्येष्ठ नागरिकांची तिकिटातली सवलत रेल्वेने मार्च २०२० मध्येच बंद केली होती. २०१७ ला गेलो असतो तर सासूबाईंचे तिकीट निम्म्यात झाले असते. मराठी यात्रेकरूंच्या एका धर्मशाळेत उतरलो. जेवण साधे वरणभात-भाजीचे, पण ते मी केलेले नव्हते. सगळा खर्च ३४,०००.

विश्वनाथाचे दर्शन झाले. आत्ताचे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास बांधवले, हे सासूबाईंनी मुलांना तीनतीनदा सांगितले. घाटावर मात्र त्या वरच्याच पायरीवर बसल्या. खाली जाणे त्यांना शक्यच नव्हते. ह्यांनी उचलून नेतो म्हटले तर, "चारचौघांत काय हे!" म्हणून हात झटकला. थोरल्याने तांब्या भरून वर आणला. त्यांनी ते पाणी पायांवर घेतले, डोळ्यांना लावले आणि म्हणाल्या, "पाच वर्षांपूर्वी उतरले असते गं मी." तक्रार म्हणून नाही, आपले सहज. मी दुसरीकडे बघत राहिले.

घरी आल्यावर २५,००० त्यांच्या खात्यात भरले आणि लाल रेघ मारली. व्याज घ्यायला काही त्या तयार झाल्या नाहीत.

मधल्या काळात सदस्यत्व विकून टाकायचाही प्रयत्न झाला. ह्यांनी जाहिरात दिली. एकाच गृहस्थांचा फोन आला, त्यांच्याकडेही असेच सदस्यत्व होते आणि तेच विकायचे होते! पुढे अनोळखी लोकांचे फोन येऊ लागले, आमच्याकडे गिऱ्हाईक तयार आहे, फक्त आधी कागदपत्रांचे पंधरा हजार भरा. असल्या फोनला मैत्रिणींनो, एक पैसाही देऊ नका. आमच्या ओळखीत एकांचे पैसे असे बुडाले.

जावेला अखेर मी फोन केला. म्हटले, जायचे असेल तर जा, पण त्या दिवशी सही करू नको. कागद घरी आण. आपल्या मुलांच्या सुट्ट्या त्या हंगामात बसतात का ते बघ. वार्षिक वर्गणी किती आणि ती कशी वाढेल, हे लेखी माग. आणि करार रद्द करायची मुदत किती दिवसांची ते आधी वाच. आमच्या कागदातही ती होती. आम्ही वाचली तेव्हा उलटून गेली होती.

"म्हणजे घेऊ नको, असंच ना ताई?"

मी उत्तर देणार इतक्यात आतून सासूबाईंनी हाक मारली. त्यांना फोनवरचे सगळे ऐकू येते. म्हणाल्या, "तिला काय सांगायचं ते सांग. पण आपली ती कूर्गची खोली यंदा मिळते का, तेवढं विचार ह्याला. तिथं पायऱ्या नव्हत्या."