वादी बनी औफच्या वाटेवर

२००८ साली मस्कतला ड्रायव्हर असताना साहेबांच्या कुटुंबाला घेऊन रुस्ताककडून बिलाद सैत गावाला निघालो होतो. ओमानात वादी म्हणजे एरवी कोरडी, पाऊस पडला की धावणारी नदी. डांबर संपले, वादी बनी औफचे दगडगोटे सुरू झाले.

गाडी लँड रोव्हर डिस्कव्हरी ३. तिला पोलादी स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्या! इंजिन चालू ठेवून बटण दाबले. कॉम्प्रेसर घुरघुरला, आधी गाडीची पाठ उचलली, मग तोंड. पोटाखालची १८५ मिलिमीटर जागा २४० झाली. गंमत बघायला पोराने दार उघडले, तर गाडी उठायचीच थांबली. दार लावले तेव्हा पुन्हा उठली.

पुढे वळणावर गढूळ पाणी आडवे आले. “गाडी उंच केलीय ना, घाल!” साहेब म्हणाले. दगड चुकवायला ती उंची पुरते. पण वाहते पाणी गाडीला बाजूने ढकलते, तिथे साडेपाच सेंटिमीटर काय करणार? डोंगरावर ढगही काळे होते. गाडी मागे उंचवट्यावर घेतली, पाण्याच्या काठावर एक दगड ठेवला. दहा मिनिटांत दगड दिसेना.

साहेब काही बोलले नाहीत. परतताना डांबरावर वेग घेताच गाडी आपोआप खाली बसली. पोरे मात्र मस्कतपर्यंत रुसलेली.