हालाचे पान आणि हवाईची मुले

मुलांनो, प्रशांत महासागराच्या मधोमध हवाई नावाची बेटे आहेत. आज ती अमेरिकेचे एक राज्य आहेत. त्यांतील सर्वांत मोठ्या बेटाच्या पूर्वेला पुना नावाचा भाग आहे. नाव ओळखीचे वाटले, तरी आपल्या पुण्याशी त्याचा काही संबंध नाही. तेथे लाव्हाच्या काळ्या खडकावर, अगदी समुद्राच्या तोंडाशी, एका झाडाची दाट बने आहेत. त्या झाडाचे नाव हाला.

हाला म्हणजे आपल्या कोकणातील केवड्याचा जवळचा भाऊबंद. पाने तशीच लांब व काटेरी. खोडातून वडाच्या पारंब्यांसारखी मुळे निघून जमिनीत घुसतात, म्हणून वादळवाऱ्यातही झाड उभे राहते. मादी झाडाला अननसासारखे दिसणारे फळ येते, नर झाडाला सुगंधी फुलोरा येतो. कौआई बेटावर खडकात या फळांचे दहा लाख वर्षांहून जुने ठसे सापडले आहेत. म्हणजे माणसाची होडी तेथे पोहोचण्याच्या फार आधीपासून हे झाड तेथे आहे.

पुढे माणसे आली. त्यांच्याजवळ धातू नव्हता, कापड विणायचा मागही नव्हता. पण हालाचे पान होते. त्या पानाची त्यांनी झोपायची चटई विणली, उशी केली, टोपली केली, पंखा केला, होडीचे शीडसुद्धा केले. फळाच्या वाळलेल्या फाकीचे टोक कुंचल्यासारखे होते. झाडाची साल कुटून केलेल्या कापडावर त्याने रंग देत. ताज्या फाकी ओवून गळ्यात हार घालत.

हे सारे मुले कशी शिकतात? वडीलधारी माणसे त्यांना प्रथम झाडाजवळ नेतात. वाळलेली पाने तेवढी गोळा करायची. मग ती पुसायची, दोन्ही कडांचे आणि मधल्या शिरेचे काटे काढायचे, पान ओढून ओढून मऊ करायचे, गुंडाळी करून ठेवायचे आणि शेवटी सारख्या रुंदीच्या पट्ट्या काढायच्या. विणण्याआधीचे हे कामच मोठे असते. मुलांना बहुधा मनगटातले कडे आधी विणायला देतात. काम करता करता पानाचे, काट्याचे, विणीचे मूळ शब्द तोंडी बसतात.

हे शब्द एकदा जाण्याच्या वाटेवर होते. 1893 साली तेथील राणीचे राज्य उलथवले गेले. 1896 च्या कायद्याने शाळांतील शिक्षणाचे माध्यम इंग्रजी ठरले आणि मुलांची स्वतःची भाषा शाळेबाहेर गेली. घरात मात्र बायकांचे हात विणत राहिले. कोना भागात तर त्या हालाच्या टोप्या दुकानात देऊन घरासाठी वाणसामान आणीत. 1978 साली हवाईयन ही राज्याची अधिकृत भाषा झाली. 1984 साली पालक व शिक्षकांनी कौआई बेटावर तिची पहिली बालवाडी काढली. नाव ठेवले पूनाना लिओ, म्हणजे आवाजाचे घरटे. 1987 पासून सरकारी शाळांतही या भाषेतून वर्ग भरू लागले. तोवर नव्वद वर्षे लोटली होती.

आज झाडावरच संकट आहे. 1995 साली मावी बेटावर पाने खराब करणारी एक बारीक कीड आढळली. ती नंतर इतर बेटांवरही पसरली. किडलेले पान विणायला उपयोगी पडत नाही. म्हणून कीड लागलेल्या भागातून रोप किंवा हिरवे पान दुसरीकडे नेऊ नये, हेही आता मुलांना सांगावे लागते.

मुलांनो, कार्यानुभवाच्या तासाला तुम्ही घोटीव कागदाच्या पट्ट्यांची चटई विणली असेल. एक पट्टी वर, एक खाली. हालाची साधी वीणही तशीच चालते. रविवारी जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापून आईवडिलांबरोबर एक चटई विणून पाहा. पट्ट्या सारख्या रुंदीच्या नसतील तर वीण कशी वाकडी जाते, ते तुमचे तुम्हालाच दिसेल.