पासंग

लेथ थरथरू लागला की दोष यंत्राच्या हलकेपणाचा, अशी पहिली समजूत होते. लाकूड कातण्याच्या कामात ती बहुधा अपुरी ठरते. आडतीचे दुकान मुलावर सोपवून गोदामाच्या कोपऱ्यात लेथ मांडणाऱ्या एका निवृत्त धान्य व्यापाऱ्याचीही हीच समजूत होती. वाडग्यासाठी चढवलेला आंब्याचा ठोकळा एके दिवशी सुटला आणि त्यांच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला. घरच्यांनी यंत्र विकण्याचा आग्रह धरला, आणि तो अवाजवी नव्हता. त्यांनी महिनाभराची मुदत मागून घेतली.

यंत्राच्या घोडीवर वाळूची पोती रचणे हा त्यांचा पहिला उपाय. वजनाने हादरा थोडा दबला. कारण मात्र जागच्या जागी राहिले. मग त्यांनी व्यापाऱ्याच्या रीतीने खाती वेगळी केली. लाकूड न चढवता यंत्र रिकामे फिरवले. तेव्हाही ते थरथरले, तर दोष पट्ट्यात, पुलीत, बेअरिंगमध्ये किंवा पायांत. एरवी तो लाकडात. एका पायाखालून पोस्टकार्ड सहज आरपार सरकले. तेथे पाचर बसताच रिकामे यंत्र शांत झाले.

उरला ठोकळा. पट्टा सैल करून तो हाताने फिरवला, की दर वेळी तीच बाजू खाली येऊन थांबे. ज्याने आयुष्यभर तराजूचा पासंग पाहिला, त्याला याहून अधिक काय सांगावे! जड बाजूवर खडूची खूण करून त्यांनी ती तासली. ठोकळा कोठेही थांबू लागेपर्यंत तासली.

हा पासंग किती महाग पडतो, याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. मध्यापासून १२ सेंटीमीटरवर १०० ग्रॅम अधिक असले आणि गती मिनिटाला १००० फेऱ्यांची असली, तर लाकूड सुमारे १३ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढले जाते, तेही क्षणोक्षणी दिशा बदलत. गती ५०० वर आणली, तर हा जोर निम्मा नव्हे, चौथाई होतो. म्हणून ओबडधोबड ठोकळा सर्वांत कमी गतीवर सुरू करावा आणि गोल झाल्यावरच गती वाढवावी. बटण दाबताना लाकडाच्या रेषेत उभे राहू नये. तोंडावर पारदर्शक ढाल हवीच. घरच्यांनी घातलेली ही अट त्या गृहस्थांनी निमूट मान्य केली.

लाटण्याची गोष्ट निराळी. ते समतोल असले, तरी लांब व बारीक असल्यामुळे हत्याराच्या दाबाने मध्येच लवते आणि अंगावर नागमोडी खाचा उमटतात. मागचा टेकू अधिक आवळला, तर ते आणखी वाकते. तेथे हत्याराला ताजी धार आणि लाकडाला मधोमध आधार, एवढाच उपाय. त्यांची पहिली तीन लाटणी चुलीत गेली. चौथे स्वयंपाकघरात पोचले.