आंबा घाटातील काडतूस

घाट उतरायचा म्हणजे गाडीची तयारी आधी आणि मनाची मागाहून, असे आमचे वडील म्हणत असत. मला हे बोलणे कधी फारसे पटले नाही. मन घट्ट असले की गाडी आपोआप जाते, अशी माझी समजूत होती. ही समजूत २०१८ सालच्या दसऱ्यानंतरच्या शनिवारी, आंबा गावाच्या पाचसहा किलोमीटर अलीकडे, रस्त्याच्या कडेला तेलाच्या एका काळ्या रेघेच्या रूपाने गळून पडली. त्याचीच ही हकीकत आहे.

आमची गाडी म्हणजे १९८४ सालची अँबॅसडर. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ही गाडी १९५८ पासून २०१४ पर्यंत बाहेर पडत राहिली आणि एवढ्या वर्षांत तिने आपला चेहरामोहरा फारसा बदलला नाही. आमच्या गाडीने तर मुळीच नाही. वडील गेल्यावर तीन वर्षे ती कोल्हापूरच्या घरात गोणपाटाखाली उभी होती. धाकट्या भावाचे म्हणणे, भंगारवाल्याला देऊन टाकू. आईचे म्हणणे, एकदा मला तिच्यातून माहेरी रत्नागिरीला ने, मग तुम्ही काय ते करा. शेवटी असे ठरले की ही फेरी निर्विघ्न पार पडली तर गाडी ठेवायची. इंजिनाने दगा दिला, तर तिच्यावर एक पैसाही खर्च न करता ती मोडीत काढायची. आईने यावर मान हलवली. पण तिच्या नजरेत मला होकार काही दिसला नाही.

तेव्हा फेरी निर्विघ्न व्हावी म्हणून मी स्वतः कंबर कसली. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला वेळ पुष्कळ असतो आणि आत्मविश्वास त्याहून अधिक असतो. पुतण्याने मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. त्यात एक गोरा गृहस्थ दहा मिनिटांत ऑइल बदलून हात पुसून मोकळा झाला होता. मी मनात म्हटले, यात काय आहे!

ज्यांनी गाडीखाली कधी डोके घातले नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनातले तेल सगळीकडे फिरते आणि फिरताना काजळी, धूळ व झिजलेल्या लोखंडाचा कीस गोळा करते. ही घाण बेअरिंगांत जाऊ नये म्हणून वाटेत गाळणी बसवलेली असते. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलंड या गृहस्थाने अशी गाळणी मोटारीला जोडण्याची युक्ती काढली आणि पुढे ती सर्वत्र रूढ झाली. आजच्या पुष्कळ गाड्यांत ही गाळणी पत्र्याच्या बंद डब्यात असते. जुनी झाली की डब्यासकट फेकायची. आमच्या अँबॅसडरमध्ये मात्र इंजिनाच्या कुशीला एक लोखंडी पेला टांगलेला आहे. त्याच्या बुडातून एक लांब बोल्ट वर जातो आणि पेल्यात चुण्या घातलेल्या कागदाची नळकांडी बसते. इंग्रजीत तिला कार्ट्रिज म्हणतात. हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा मला शिकाऱ्याचे काडतूसच आठवले. गॅरेजवाले तिला सरळ ‘इलिमेंट’ म्हणतात. पेला जिथे वर टेकतो तिथे एक गोल खाच असते आणि त्या खाचेत रबराची रिंग बसते. सगळ्या गोष्टीचे मर्म त्या रिंगेत आहे; पण ते मला त्या वेळी ठाऊक नव्हते.

मी जुने तेल काढले, पेला उतरवला, रॉकेलने लखलखीत धुतला, नवे इलिमेंट घातले, नवी रिंग बसवली, चार लिटर ताजे तेल ओतले. गाडी सुरू झाली तेव्हा एक थेंब गळला नाही. मी आईकडे अशा काही नजरेने पाहिले की पुतण्याला हसू आवरेना.

सकाळी आठाला निघालो. पंचगंगा ओलांडली, डावीउजवीकडे उसाची शेते, मध्येच गुऱ्हाळाचा धूर. पन्हाळा डाव्या हाताला राहिला. बांबवडे मागे पडले आणि मलकापूरला शाळी व कडवी या नद्यांच्या काठी आम्ही चहा घेतला. येथून पुढे मुलूख बदलतो. ऊस संपतो, भाताची पिवळी खाचरे सुरू होतात, हवेत ओल जाणवते. सड्यावर सोनकीची पिवळी फुले अजून शिल्लक होती. आई खिडकीतून बाहेर पाहत आपल्या लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासाचे सांगत होती. तेव्हा एस. टी. या घाटात दोनदा पाणी पिण्यासाठी थांबे. इंजिनही पाणी पिई आणि उतारूही पीत. विशाळगडाचा फाटा जवळ आला की तिचे वडील हात जोडत आणि बाजीप्रभूंचे नाव घेत. पावनखिंड इथून फार दूर नाही. १६६० सालची ती रात्र या डोंगरांनीच पाहिली.

एवढ्यात आई थांबली आणि म्हणाली, “तेल जळल्यासारखा वास येतोय रे.”

मी म्हटले, “शेतात काहीतरी पेटवले असेल.”

पुढच्या वळणावर समोरच्या तक्त्यावरचा लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. दुसऱ्या वळणावर तो पुन्हा लागला. मी म्हणणार होतो की वायर सैल असेल. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, “किल्ली फिरव आधी! तुझे वडील हा दिवा लागला की आधी इंजिन बंद करत आणि मग गाडी कुठे थांबवायची ते पाहत.”

मी किल्ली फिरवली. गाडी आपल्याच वेगाने थोडी पुढे जाऊन कडेला उभी राहिली. उतरून मागे पाहतो तो रस्त्यावर काळी रेघ, आमच्या गाडीपासून वळणापर्यंत. डिपस्टिक काढून पाहिली. तिच्या टोकाला तेल नव्हते. वळणावर उरलेसुरले तेल एका बाजूला जाते, पंपाला हवा मिळते आणि दिवा लागतो, हे मला पुढे कळले. त्या वेळी मला फक्त धाकट्या भावाचा चेहरा दिसत होता.

एका दुधाच्या टेंपोवाल्याने आंब्यातल्या मेस्त्रींना निरोप दिला. अर्ध्या तासाने ते मोटारसायकलवरून आले. साठीचे गृहस्थ, डोक्याला मळकट टोपी, मागे पिशवीत पाने आणि तेलाचा डबा. उमेदीची वर्षे त्यांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात काढली होती. कोल्हापुरात मेस्त्री या शब्दाला वेगळेच वजन आहे. ज्या बाबूराव पेंटरांनी या गावात सिनेमाचा कॅमेरा हाताने तयार केला, त्यांचे मूळ आडनावही मेस्त्रीच होते. यंत्र उघडून पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा तिथला धर्म.

मेस्त्री गाडीखाली गेले आणि लगेच विचारते झाले, “फिल्टर कुणी बदलला, सायेब?”

“मीच,” मी म्हटले. आवाज जरा खाली गेला होता.

त्यांनी बोल्ट सोडवला, पेला खाली घेतला, वरच्या खाचेत बोट फिरवले आणि खिशातून दाभण काढून काहीतरी उकरले. एक रबराची रिंग बाहेर आली. ती माझी नवी होती. पुन्हा दाभण खुपसले. दुसरी रिंग बाहेर आली. चपटी, कडक, तेलाने लोखंडासारखी काळी झालेली.

“एका म्यानात दोन तलवारी घातल्यासा बगा,” ते म्हणाले.

जुनी रिंग खाचेत तशीच चिकटून होती आणि मी नवी तिच्यावर चढवली होती. दारात इंजिन मंद चालत होते तोवर ती जोडी कशीबशी तग धरून राहिली. चढावर वेग वाढला, तेलाचा दाब वाढला आणि वरची रिंग बाजूला सरकली. पंप आपले काम इमानाने करत राहिला आणि माझे चार लिटर तेल रस्त्यावर ओतत गेला.

मी विचारले, “इंजिन गेले का?” आई खाली उतरून जवळ येऊन उभी राहिली होती.

“ते मी न्हाय सांगायचा. ह्यो सांगंल,” म्हणून मेस्त्रींनी पेल्यातून इलिमेंट काढले.

त्यांनी मला एक वर्तमानपत्र पसरायला सांगितले. चाकूने कागदाच्या चुण्या वरून खालून कापल्या आणि वीणकाम उसवावे तशी ती पट्टी उलगडली. चांगली हातभर लांब होती. ती दोन लाकडी फळ्यांत दाबून तिच्यातले तेल काढले आणि उन्हाकडे तिरपी धरली. मग पिशवीतून एका जुन्या स्पीकरचे चुंबक काढून कागदावरून हळूहळू फिरवले. फिरवताना ते समजावून सांगत होते. चुंबकाला चिकटते ते लोखंड. सिलिंडर, पिस्टनच्या रिंगा, दाते यांचे. थोडी भुकटी प्रत्येक इंजिनात सापडते, तिची भीती नाही. चुंबकाला न चिकटणारे रुपेरी कपचे दिसले तर बेअरिंगचा वरचा थर सुटत आहे असे समजावे, आणि तांबूस चमक दिसली तर खालचा थरही उघडा पडला. असे झाले की इंजिन उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

“हे इलिमेंट नवं हाय, ह्ये बरं झालं,” ते म्हणाले. “जुन्यात मागच्या दोन वर्साचा कचरा असतो, कुठला कवाचा कळत न्हाय. ह्यात जे हाय ते आजचं.”

मी त्या कागदाकडे पाहत होतो. परीक्षेच्या निकालाकडेही मी कधी असा पाहिला नव्हता. मेस्त्रींनी बोटांनी एकेक चुणी चोळली. चुंबकावर केसाएवढी काळी भुकटी आली. काजळीचे चारदोन कण निघाले. एका चुणीत एक पांढरा धागा सापडला. तो माझ्याच पुसायच्या फडक्याचा होता. रुपेरी काही नव्हते. तांबूस काही नव्हते.

“बेअरिंग शाबूत हाय, मावशी. येळेवर बंद क्येलंसा,” मेस्त्री म्हणाले. ते मला नव्हे, आईला म्हणाले, आणि ते योग्यच होते.

नवे इलिमेंट त्यांच्या दुकानात होते. एके काळी या रस्त्यावर अँबॅसडर टॅक्स्या चालत. त्या गेल्या, फळीवर दोन खोकी राहिली. ते आणायला ते गेले तेव्हा आईने पुढचा खण उघडायला सांगितले. “तुझ्या वडिलांची वही आहे बघ त्यात.” वही होती. मी ती तीन वर्षांत उघडली नव्हती. दर पानावर तारीख, किलोमीटर, तेल किती, फिल्टर कधी. पहिल्याच पानावर तांबड्या शाईत ठळक लिहिले होते : ‘जुनी रिंग टाचणीने काढणे. विसरू नये.’ आणि त्या ओळीशेजारी कागदाला एक टाचणी टोचलेली होती, गंजून तपकिरी झालेली. म्हणजे वडिलांनाही केव्हातरी हा धडा असाच मिळाला असणार. मला ते कधी बोलले नाहीत. मीही कधी विचारले नाही.

मेस्त्री परत आले आणि त्यांनी माझ्याच हाताने सगळे बसवून घेतले. खाच कोरडी पुसायची, आत बोट फिरवून पाहायचे. नव्या रिंगेला तेलाचे बोट लावायचे आणि ती चारी बाजूंनी सारखी दाबायची, एकीकडून ताणायची नाही. पेल्याच्या बुडाशी स्प्रिंग, लोखंडी वायसर, रबरी वायसर आणि ताटली याच क्रमाने असली पाहिजेत. यातले एखादे जुन्या इलिमेंटबरोबर कचऱ्यात गेले तर तेल गाळणीला वळसा घालून जाते आणि वरून काहीच कळत नाही. पेल्यात अर्ध्यावर तेल भरायचे. बोल्ट बेताने आवळायचा. ताकद दाखवली की पेला वाकतो. मग त्यांनी कॉइलची वायर काढली आणि इंजिन सुरू न होऊ देता स्टार्टरने थोडे थोडे फिरवले. लाल दिवा विझला तेव्हाच वायर पुन्हा जोडली. गाडी चालू करून आम्ही दोघे पाच मिनिटे पालथे पडून पेल्याच्या कडेकडे पाहत राहिलो. कड कोरडी होती.

पैसे त्यांनी तेलाचे आणि इलिमेंटचे घेतले. मजुरीचे विचारताच म्हणाले, “काम तुमीच केलंय न्हवं?”

आंबा घाट आम्ही उतरत्या उन्हात उतरलो. एका बाजूला कडा, दुसरीकडे दरीत दाट झाडी आणि तिच्यापलीकडे धुरकट निळे कोकण. माझे निम्मे लक्ष त्या दिव्याकडे होते. तो काही लागला नाही. साखरप्याला हवा गरम झाली, काजळी नदीची सोबत सुरू झाली, आणि आई पुन्हा आपल्या लग्नाच्या गोष्टीवर आली. रत्नागिरीत मामाच्या अंगणात गाडी उभी राहिली तेव्हा दिवेलागण झाली होती. मामाने बॉनेटवर हात ठेवून “अजून आहे का ही!” एवढेच म्हटले आणि आईने डोळ्यांना पदर लावला.

गाडी अजून आमच्याकडे आहे. पुतण्याची डिझेल स्विफ्ट दोन वर्षांनी मी त्याच्याबरोबर उघडली, तर तिच्यातही आमच्यासारखेच कागदाचे काडतूस! पत्र्याचा डबा फेकण्याची उधळपट्टी नको म्हणून नव्या इंजिनांपैकी पुष्कळ पुन्हा या जुन्या वाटेने आली आहेत. आता लोखंडी पेल्याऐवजी झाकण असते आणि खाच त्या झाकणालाच असते. रिंग एक खाच सोडून वर चढली की तेथेही तेच रामायण.

पुतण्या नवी रिंग बसवू लागला तसा मी त्याचा हात धरला आणि म्हटले, “जुनी दाखव आधी.” ती त्याने माझ्या तळहातावर ठेवली, तेव्हाच मी हात सोडला. आमच्या पडवीत एक खिळा आहे. त्यावर प्रत्येक वेळी काढलेली जुनी रिंग मी अडकवून ठेवतो. वडिलांच्या वहीत तारीख मी घालतो. टाचणी मात्र नवी घेतलेली नाही. तीच चालते.