एका ओटीवरची शाळा
आमच्या धर्मग्रामातील एक माउली आपल्या तीन लेकरांना घराच्या ओटीवरच शिकवते. “फादर, अभ्यासक्रम कोणता घेऊ?” असे तिने विचारले, तेव्हा मी सोयीचे उत्तर दिले : तिघांना एकच पुस्तक, एकच वर्ग. महिन्याभरात ६ वर्षांचा धाकटा रडू लागला, १३ वर्षांची थोरली अबोल झाली. माझी चूक मला उमगली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मूलभूत शिक्षणाचे तीन स्तर तिसरी, पाचवी व आठवीच्या तोडीचे आहेत. आता ज्याला त्याला आपली पायरी मिळाली. प्रार्थना, गायन आणि वाडीतले काम मात्र तिघांचे एकत्र.

आईवडील हेच मुलांचे पहिले शिक्षक, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले. सेमिनरीत मी ते पाठ केले होते. समजले मात्र त्या ओटीवर.